मुठीची गाठ कोपराशी

दुधाचं पातेलं सांडशीत धरून शेगडीवरून उचललं आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याशी, अशी कळ आली की पातेलं ओट्यावर आदळलंच. कोपराला काही लागलेलं नव्हतं. वाकवून पाहिलं, सरळ करून पाहिलं, दुखत नव्हतं. सांडशी पुन्हा हातात घेतली, कळ पुन्हा आली. पुढचे काही दिवस मी माझ्याच हाताची नोंद ठेवत होते. कुलपात किल्ली फिरवताना दुखतं. ओला टॉवेल पिळताना दुखतं. भरलेला तांब्या उचलताना दुखतं. नुसतं कोपर हलवलं तर नाही. दुखायचं कोपर, पण दुखवायची मूठ. वीतभर अंतरावरच्या या दोन ठिकाणांचं आपसात काय नातं असेल, या प्रश्नाने मला इतकं धरून ठेवलं की दुखणं गेल्यावरही वाचणं थांबलं नाही.

आधी एक प्रयोग करा. त्याला काही लागत नाही, फक्त हात पुढे धरायचा. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. छान आवळली जाते. आता मनगट तळव्याच्या दिशेने जाईल तितकं आत वाकवा आणि तशाच वाकलेल्या हाताने मूठ आवळून पाहा. बोटं पुरती मिटतच नाहीत. मुठीत पेन्सिल असेल तर लहान मूलही ती ओढून घेईल. बोटं तीच, माणूस तोच, जोर मात्र गेला कुठे?

जोर बोटांत नव्हताच. आपल्या बोटांच्या आत, पेरांमध्ये, बोट मिटवणारे स्नायू नाहीत. तळहातात काही छोटे स्नायू आहेत. पण बोट दाबून मिटवणारी खरी ताकद कोपर आणि मनगट यांच्यामधल्या मांसल भागात असते. दुसऱ्या हाताने तो भाग धरा आणि बोटं हार्मोनियमवर फिरवावीत तशी हलवा. त्वचेखाली काहीतरी सळसळत असल्याचं लगेच जाणवेल. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. बाहुलीचा हात उठतो, मान डोलते, पण ओढणारी बोटं वर असतात आणि मध्ये फक्त दोऱ्या. आपला पंजा ही तशीच बाहुली आहे. स्नायू दूर बसलेले, आणि त्यांच्यापासून निघालेल्या चिवट, पांढऱ्या दोऱ्या मनगट ओलांडून बोटांच्या पेरांपर्यंत गेलेल्या. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात.

आता मेख अशी की या दोऱ्या बोटांकडे जाताना मनगटावरून जातात. म्हणून बोटं मिटवणारे स्नायू ओढायला लागले की बोटांबरोबर मनगटही आत वाकवू पाहतात. ते वाकलं की दोऱ्या सैल पडतात आणि पकड सुटते. आत्ताच्या प्रयोगात तेच झालं. हे होऊ नये म्हणून दरवेळी, न चुकता, हाताच्या पाठीकडचे स्नायू मनगटाला मागून धरून ठेवतात. चहाचा कप धरा, पेन धरा, बसची दांडी धरा; पुढचे स्नायू मूठ वळतात आणि मागचे मनगट सावरतात. मूठ वळणं हे काम हाताच्या दोन्ही बाजूंना मिळून करावं लागतं, आणि ते इतक्या गुपचूप होतं की दुखेपर्यंत आपल्याला मागच्या बाजूची आठवणही येत नाही.

हे मागचे स्नायू वर जाऊन टेकतात कुठे? दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर. त्यांतले बरेचसे त्या एकाच लहानशा जागी, एकाच जाड पट्ट्यात गुंफून हाडाला चिकटलेले असतात. त्यातला एक फार कष्टाळू आहे. त्याचं नाव लांबलचक: एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस. तो कोपराच्या उंचवट्यापासून निघून मधल्या बोटाखालच्या तळव्याच्या हाडाच्या बुडाशी पोचतो. म्हणूनच डॉक्टर कधीकधी हात सरळ ठेवायला सांगून फक्त मधल्या बोटावर वरून दाब देतात आणि म्हणतात, बोट वर उचला. दाबलं बोट आणि ओरडलं कोपर, तर दुखण्याचा पत्ता बहुतेक सापडला. माझ्या बाबतीत ही तपासणी झाली तेव्हा मी वेदना विसरून त्या डॉक्टरांकडे बघत राहिले. शरीराला इतका नेमका नकाशा असतो!

या दुखण्याला आपण टेनिस एल्बो म्हणतो. महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोचला तो २००४ साली, सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. त्याच्याकडे पुढे येईनच. पण ज्यांना हे होतं त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट धरलेली नसते. सुतार, प्लंबर, शिंपी, दिवसभर माउस धरणारे, पोळ्या लाटणारे, नारळ खवणारे, धुणं पिळणारे हात यात जास्त असतात. प्रौढांमध्ये शंभरात एक ते तीन जणांना हे दुखणं असतं, आणि चाळिशी-पन्नाशीत ते सर्वाधिक दिसतं. वैद्यकातली याची पहिली नोंद तर टेनिसच्या आधीची म्हणावी लागेल. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी कोपराच्या या दुखण्याबद्दल लिहिलं ते लेखणी धरणाऱ्यांच्या संदर्भात. लॉन टेनिसचं पेटंट इंग्लंडमध्ये निघालं १८७४ ला. मग खेळाची लाट आली, १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी 'द लॅन्सेट'मध्ये लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताबद्दल लिहिलं, आणि कारकुनांचं दुखणं खेळाडूंच्या नावावर चढलं ते कायमचं.

नावातली दुसरी चूक जास्त महागात पडली. वैद्यकीय भाषेत याला लॅटरल एपिकॉन्डिलायटिस म्हणतात. शेवटी 'आयटिस' आलं की अर्थ होतो दाह, म्हणजे सूज, लाली, गरमपणा. दाह म्हटला की उपाय ठरलेला: दाह मारणारं औषध आणि पूर्ण विश्रांती. कित्येक दशकं असंच चाललं. मग अमेरिकेतले रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन या दोन शल्यचिकित्सकांनी १९७९ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे आलेल्या १,२१३ कोपरांपैकी शस्त्रक्रियेची पाळी आली ती फक्त ८८ वर. त्या ८८ मधून काढलेले कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर दाहाच्या पेशी जवळजवळ नाहीतच. दिसला तो विस्कटलेला धागा. निरोगी कंडरेत कोलॅजनचे तंतू विंचरलेल्या केसांसारखे समांतर असतात. इथे ते पिंजलेल्या कापसासारखे झाले होते, आणि त्यांच्यात नव्या, अपुऱ्या वाढलेल्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. कोपर पेटलं नव्हतं. रोजच्या ओढीने झिजलेली दोरी शरीर पुन्हा पुन्हा विणू पाहत होतं आणि ती वीण जमत नव्हती.

याच दोरीबद्दलची आणखी एक गोष्ट अशी आहे, की ती वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या केल्या की वातावरणातल्या कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३ च्या करारानंतर या चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि ते प्रमाण दरवर्षी उतरत गेलं. झाडं हवेतला कार्बन घेतात, आपण झाडांचं खातो, आणि त्या त्या वर्षीच्या हवेची खूण आपल्या ऊतींमध्ये उमटते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हीच खूण माणसांच्या टाचेच्या कंडरेत वाचली. कंडरेच्या गाभ्यातला कार्बन सांगत होता की तो गाभा त्या माणसाच्या वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत विणला गेला आणि त्यानंतर जवळजवळ बदललाच नाही. त्याच माणसांचे स्नायू मात्र सतत नवे होत आले होते. अभ्यास टाचेचा आहे, कोपराचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी त्यातून एक चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं: पन्नाशीच्या माणसाच्या टाचेत त्याच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षातला धागा अजून ओढ घेतो आहे.

मग अशी दोरी बरी होते तरी कशी? गाभा जुना असला तरी तंतूंच्या ओळींमध्ये जिवंत पेशी बसलेल्या असतात. त्यांना कान नाहीत, डोळे नाहीत. त्यांना एकच भाषा कळते, ओढ. कंडरेवर ताण आला की या पेशी ताणल्या जातात, तो ताण रासायनिक संदेशात बदलतो आणि नवं कोलॅजन तयार होऊ लागतं. ताणानंतरचा पहिला दीड दिवस मोडतोड जास्त असते; नंतर बांधणी पुढे जाते आणि साधारण तीन दिवसांपर्यंत चालू राहते. रोज अती ताण दिला तर बांधणीची पाळी येण्याआधीच पुन्हा मोडतोड होते. ताण दिलाच नाही तर पेशींना कामाचा निरोपच मिळत नाही. म्हणून झोळीत हात अडकवून महिनाभर बसणं या दुखण्याला मानवत नाही. पहिले काही दिवस त्रास देणारी कामं थांबवणं वेगळं, आणि हात बसवून ठेवणं वेगळं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे.

इंजेक्शनचं मोल या पार्श्वभूमीवर जोखावं लागतं. कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की आठवड्याभरात चमत्कार झाल्यासारखं वाटतं, आणि असह्य वेदनेत कोणालाही ते हवंसं वाटणारच. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००२ साली १८५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला स्टेरॉइडची इंजेक्शनं, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले शंभरातले ९२ बरे होते, फिजिओथेरपीवाले ४७, वाट पाहणारे ३२. इथेच अभ्यास संपवला असता तर निकाल लागलाच होता. त्यांनी वर्षभर वाट पाहिली. ५२ आठवड्यांनी पट उलटला होता. फिजिओथेरपी घेतलेले शंभरात ९१ बरे, काहीही न घेतलेले ८३, आणि इंजेक्शनवाले ६९. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं परत आलं. नुसतंच औषधाविना इंजेक्शन टोचलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. कोपराला गूळ लावणं हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे: गोडी दिसते, जीभ पोचत नाही. लवकरच्या आरामाची ही गोडी तशीच आहे. रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या करून कोपरात टोचण्याचा महागडा उपचारही सध्या सर्रास सुचवला जातो. त्यावरच्या बत्तीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये निघाला, आणि दिखाऊ इंजेक्शनपेक्षा त्याचा लक्षणीय फायदा त्यात दिसला नाही.

त्या आकड्यांमधला ८३ मला सर्वांत धीर देणारा वाटतो. काही न करता, फक्त हात जपून वापरत वर्ष काढलेल्यांतले इतके लोक बरे झाले. शरीर स्वतःची दोरी सांधतं. आपण त्याच्या कामात मदत करायची आहे.

मदत कशी, तर साधी. टेबलावर हात ठेवा, तळवा जमिनीकडे, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली घ्या. ते झालं अर्धा किलो वजन. मनगट सरळ ठेवून अर्धा-पाऊण मिनिट नुसतं धरून ठेवा. थोडा विसावा घेऊन पुन्हा. हे काही दिवसांत सोसू लागलं की पुढची पायरी: दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर उचला आणि मग बाटलीसह एकट्या दुखऱ्या हाताने अगदी सावकाश, चार-पाच अंक मोजत, खाली सोडा. खाली सोडताना स्नायू लांबत लांबत काम करतो आणि दोरीला नेमकी हवी ती ओढ मिळते. दहा-पंधरा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यासारखं होतं, ते चालतं. रात्रभर ठणकलं तर वजन कमी करायचं. वजन आठवड्या-आठवड्याने वाढत जातं आणि फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. ही पायरी कोणती आणि कधी चढायची हे फिजिओथेरपिस्टला दाखवून ठरवावं. एकदोन भेटींतही हात बसतो.

आणखी एक बदल तर आजपासून करता येतो. तळवा खाली ठेवून वस्तू उचलली की सगळा भार मागच्या स्नायूंवर येतो. तळवा वर असेल तर तोच भार पुढच्या, धडधाकट स्नायूंवर जातो. सांडशीने पातेलं उचलणं ही तळवा खाली ठेवून, दाबून धरून, हात लांब करून वजन पेलण्याची कृती आहे. या कोपरासाठी यापेक्षा कठीण काम शोधून सापडणार नाही! कान असलेलं भांडं दोन हातांनी, अंगाजवळ धरून उचलावं. पिशवी मुठीत लोंबकळवण्यापेक्षा खांद्यावर घ्यावी. धुणं पिळण्याऐवजी नळाला अडकवून निथळू द्यावं. कोपराच्या थोडं खाली बांधायचा पट्टा मिळतो, त्याने काम करताना काहींना आराम पडतो.

सचिनच्या हातात जड बॅट होती आणि तिच्यावर देशाची नजर. २००४ मध्ये दुखणं सुरू झालं, सामने हुकले, आणि २००५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परतून त्याने ९३ धावा काढल्या. ते पाहून शस्त्रक्रिया हाच खरा इलाज असं अनेकांना वाटलं. पण ज्याला ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूसमोर वर्षानुवर्षं उभं राहायचं आहे त्याचा निर्णय आपल्याला लागू होत नाही. सिडनीत एका छोट्या अभ्यासात काही रुग्णांची खराब झालेली कंडरा कापून काढली आणि काहींची फक्त त्वचा उघडून, कंडरा पाहून, काहीही न काढता टाके घातले. कोणाचं काय झालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. २०१८ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गट सारखेच सुधारले होते. वर्षभर नीट व्यायाम करूनही हात उठतच नसेल अशा थोड्या लोकांसाठी शस्त्रक्रियेचा दरवाजा उघडा आहे, आणि तो तसाच असावा. सुरुवात मात्र तिथून करायची नसते.

हातातलं प्रत्येक दुखणं कोपराचं नसतं, हेही इथेच सांगायला हवं. मानेपासून निघून हातभर पसरणारी कळ, बोटांतल्या मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मूळ मानेच्या मणक्यांत असू शकतं. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. पडल्यावर सुजलेलं कोपर, तापासह लाल झालेलं कोपर, किंवा मध्येच अडकणारं कोपर लगेच दाखवावं. आणि डाव्या हातात दुखताना छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर वाचत बसू नये. थेट हॉस्पिटल गाठावं.

माझं कोपर बरं व्हायला साडेसात महिने लागले. त्या काळात बाटलीपेक्षाही जास्त उपयोगी पडलं ते घरच्यांनी वाटून घेतलेलं काम. ज्या हाताला रोज वीस पोळ्या लाटायच्या, कणीक मळायची आणि चादरी पिळायच्या आहेत, त्याच्या दोरीला बांधणीचे ते दोन दिवस मिळणार कुठून? वयोमानाप्रमाणे चालायचंच, असं म्हणून ही तक्रार घराघरांत गिळली जाते. तुमच्या घरात कोणाचं कोपर दुखत असेल तर आज रात्रीची कणीक तुम्ही मळा, आणि पुढचे बारा आठवडे मळत राहा.